करंजबेटावर पहिले पाऊल कोणाचे

बोईसर-तारापूर परिसराविषयी माझ्याजवळ तक्रारी पुष्कळ आहेत. त्यांपैकी पहिली एका दगडाविषयी आहे. बोईसरहून समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका फाट्याशी, 'करंजबेट २ कि.मी.' असे ठसठशीत अक्षरांत रंगवलेला पिवळा दगड उभा आहे. हे विधान खोटे नाही. मात्र त्या दोन किलोमीटरांचा उत्तरार्ध भरतीच्या वेळी पाण्यातून व ओहोटीच्या वेळी चिखलातून जातो, ही वस्तुस्थिती त्या दगडाने सोयीस्कररीत्या दडवून ठेवली आहे. साक्षीदाराने असे अर्धे सत्य सांगितले असते, तर उलटतपासणीत त्याची धडगत नव्हती. संबंधित खात्यास मी याविषयी दोन पत्रे लिहिली. पहिल्याचे उत्तर आले: 'आपले पत्र मिळाले.' दुसऱ्याचे तेवढेही आले नाही.

करंजबेटाशी माझा संबंध कसा आला, हे आधी सांगितले पाहिजे. मी ठाण्यास राहतो. न्यायालयात शिरस्तेदार होतो. आता निवृत्त आहे. निवृत्तीनंतर माणसाने देवधर्म करावा असे म्हणतात. मी वृत्तपत्रांना पत्रे लिहितो. त्या उन्हाळ्यात एका सकाळी चिकूंची पिशवी घेऊन एक उंच, वाकलेले गृहस्थ दारात उभे राहिले. पांडुरंगदादा. कधी काळी हद्दीच्या एका दाव्यात ते साक्षीला आले होते. मला ते आठवले नाहीत. त्यांना मी चांगलाच आठवत होतो.

"तुमी तवा मला 'विचारलंय तेवढंच बोला' असं बोलला होता," ते म्हणाले. "आमच्या बायकोनंतर तसं बोलणारे तुमीच. तुमची पत्रं पेपरात वाचतो. गटारावरचं लई झोंबलं."

ते गटार त्यांच्या गावचे नसूनही झोंबले, हे ऐकून मला बरे वाटले. मग त्यांनी काम सांगितले. करंजबेटाला धक्का नाही. होडी लागते ती चिखलात. त्यांचा मुलगा विजय बोईसरच्या एका कारखान्यात पाळीने कामाला आहे. पाळी घड्याळाने चालते आणि बेट भरती-ओहोटीने. दोन्हींचे जमत नाही. बेटावरची घरे एकेक करून बोईसरला भाड्याच्या खोल्यांत चालली आहेत. विजयने वडिलांना सांगितले होते की, यंदा धक्क्याचे नक्की झाले नाही, तर पावसाळ्यापूर्वी तोही खोली घेईल. सून गरोदर होती.

"म्हंजे नातवंडसुद्धा तिकडंच," पांडुरंगदादा म्हणाले. "मंग घरात मी आणि माझा खोकला."

पाहणीसाठी एक इंजिनिअर येणार होते. त्यांच्या यादीत आणखी एक गाव होते, आणि धक्का एकच. बेटावरील दोन्ही पाड्यांच्या सह्यांचा चोख अर्ज त्यांच्या हाती पडला पाहिजे. तो मी लिहावा, अशी विनंती होती. मी चिकू ठेवून घेतले. कायद्याच्या परिभाषेत यालाच स्वीकृती म्हणतात.

*

पाहणीच्या आदल्या दिवशी मी पालघरला उतरलो आणि एसटीने बोईसरला गेलो. बोईसर हे गाव आहे की कारखान्यांच्या मधली उरलेली जागा, हे मला ठरवता आले नाही. स्टँडवर चार प्रांतांची हिंदी ऐकू येते. विजयची पाळी सुटेपर्यंत मी एका टपरीवर बसलो. चहावाल्याने मी कोठे निघालो ते विचारले.

"बेट पे? वहाँ क्या रखा है, बाबूजी?"

"इतिहास," मी म्हणालो.

"तो चाय यहीं पीके जाओ. वहाँ का पानी मटमैला है."

विजय आला तो खांद्याला डबा आणि हातात पाण्याचा कॅन घेऊन. काटक, हसरा मुलगा. ज्या बेटावर गोड्या पाण्याची विहीर असल्याचे त्याच्या वडिलांनी मला अभिमानाने सांगितले होते, तेथे हा बोईसरहून पाणी का नेतो, असे मी विचारले. तो म्हणाला, "बाव हाय. पण बावीचं राजकारण हाय." (बाव म्हणजे विहीर.) ही नोंद मी मनात ठेवली.

फाट्याशी उतरून मी त्या पिवळ्या दगडाकडे एक जळजळीत नजर टाकली. पुढे तिवरांच्या झाडीतून वाट खाडीवर उतरते. तेथे धर्मा तांडेल (तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख) आमची वाट पाहत होते. साठीचे, रापलेले, बोलताना एक डोळा किंचित मिटणारे.

"वकील, चपला हातात घ्या," ते म्हणाले.

"मी वकील नाही. निवृत्त शिरस्तेदार आहे."

"मंग शिरस्त्यानं हातात घ्या."

पाणी शांत होते. बेट हळूहळू मोठे होत गेले: आधी ताडांचे शेंडे, मग करंजांची गर्द रांग, मग दक्षिणेच्या टोकाला एक अर्धा ढासळलेला बुरूज. होडी बेटाला टेकली तेव्हा एका हातात छत्री, एका हातात चपला आणि दातांत कागदांच्या पिशवीचा बंद अशी माझी अवस्था होती. उतरताना कोण कोठे होते, कोणी कोणाला धरले, हे मी पाहिले नाही. मी केवळ चिखल पाहिला, तोही फार जवळून. न पाहिलेल्या त्या गोष्टीची पुढे मला हळहळ वाटली.

*

करंजबेट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालून जायला विडा चघळण्याइतका वेळ लागतो. उत्तरेस बागपाडा: चिकू, नारळ, केळी, पानवेलींचे मांडव. दक्षिणेस बंदरपाडा: काठ्यांच्या उतरंडींवर बोंबील वाळत असतात आणि त्यांचा वास पाहुण्याला सामोरा येतो. मध्ये देवीचे देऊळ, चौथीपर्यंतची शाळा आणि ती गोडी बाव. पश्चिमेच्या खडकांवर उभे राहिले की दूर तारापूरच्या अणुकेंद्राची उंच चिमणी दिसते. एवढे अफाट सामर्थ्य इतक्या शांतपणे उभे असावे, आणि त्याच्या नजरेच्या टप्प्यात माणसे चिखलातून घरी जावीत, याचा मला तेथल्या तेथे संताप आला. मसुद्यासाठी तो मी राखून ठेवला.

बागपाड्यात पांडुरंगदादांकडे माझी सोय होती. सून सुमन मासवणची, सूर्या नदीकाठची. तिने चहा दिला. त्या चहाचा रंग दुधाने आलेला नव्हता.

"काका, तळाशी गाळ बसू द्या, मंग प्या," ती म्हणाली. "आमच्या मासवणला पाण्यातलं नाणं दिसतं. इथं पाण्यातलं पाणी दिसत नाय."

मी बाव पाहायला गेलो. दगडी बांधणी, रहाट, सावलीला करंज. पाणी खोल आणि राखाडी. काठावर एक गुळगुळीत, बसका दगड होता. चालून दमलो होतो म्हणून त्यावर टेकलो. पाणी भरायला आलेली सुमन कळशी ठेवून हसली.

"बसा, पण त्या दगडावर हात ठेवून काय बोलू नका."

"का?"

"इथं त्यावर हात ठेवून बोललेलं पाळावं लागतं. नवरा बायको भांडताना इथनं लांब जातात."

ही बाव उपसत का नाहीत, हेही मी तिला विचारले. तिने सांगितले ते असे: दर वैशाखात गाळ काढायचा. पण पहिले घमेले बेटावर जो पहिला आला त्याने काढायचे; त्याने हात घातल्याशिवाय दुसऱ्याने घालायचा नाही. त्या दिवशी तो यजमान, बाकीचे सगळे पाहुणे. जेवणही त्यानेच घालायचे. पूर्वी बुरुजाजवळ एक म्हातारा राहत असे, तो हे काम करी. तो गेल्यापासून बाव तशीच आहे.

"मग आता पहिले कोण?"

"आमचे मामंजी बोलतात, बंदरपाडा पयला. बंदरपाडा बोलतो, बागपाडा पयला. एकमेकांना लई मान देतात." तिने कळशी कमरेवर घेतली. "मान देऊन देऊन पाण्याची वाट लावली."

मला हे ऐकून गहिवरून आले. एवढी परस्परांविषयी आदरबुद्धी मी न्यायालयात कधी पाहिली नव्हती.

*

संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर दोन्ही पाडे जमले. मी मसुदा वाचायला घेतला. अर्ज कसा असावा याविषयी माझी मते पक्की आहेत. 'धक्का द्यावा' असे एकदम म्हणणे ही भीक झाली. आधी अर्जदार कोण, त्यांची वहिवाट कोणती, वस्ती किती जुनी, हे सिद्ध करावे. मग मागणी ही मागणी राहत नाही, हक्क होतो. म्हणून मी दुसऱ्या परिच्छेदाला शीर्षक दिले होते, 'बेटाचा संक्षिप्त इतिहास', आणि विचारले, "या बेटावर वस्ती प्रथम कोणी केली?"

"आमी," पांडुरंगदादा म्हणाले.

"आमी," बंदरपाड्याचे धर्मा तांडेल म्हणाले.

दोघेही एकाच वेळी म्हणाले, आणि त्यानंतर बराच वेळ सगळेच एकाच वेळी बोलत राहिले. मी शांतता प्रस्थापित केली व एकेकाची जबानी घेतली.

बागपाड्याचे म्हणणे असे की, पोर्तुगीजांच्या धामधुमीत त्यांचा मूळ पुरुष किनाऱ्यावरून नारळाची रोपे घेऊन येथे आला व त्याने ती लावली. झाड लावतो तो वस्ती करतो. मासे धरतो तो नुसता येतो-जातो.

"रोपं घेऊन आला," धर्मा तांडेल डोळा बारीक करून म्हणाले. "पोहत आला?"

"होडीतनं आला."

"होडी कोणाची?"

पांडुरंगदादांचा आवाज उतरला. "तुमची."

"लिवा, वकील. होडी आमची, वल्हं आमचं. आमच्या माणसानं आणला तवा ह्यांचा माणूस आला. आणणारा आधी का आणलेला आधी?"

बंदरपाड्यात समाधानाची कुजबुज झाली. मीही लेखणी टेकवली. तोच पांडुरंगदादा सावकाश उठले.

"धर्मा, तू रोज माणसं आणतोस. होडी लागली की पयलं कोण उतरतं? उतारू. नाखवा होडी सोडून आधी उतरला तर होडी जाईल डहाणूला. नाखवा शेवटी उतरतो. म्हंजे आमच्या माणसाचा पाय जमिनीला लागला, तवा तुमचा होडीतच होता."

या युक्तिवादाने मी खरोखर थक्क झालो. नामांकित वकिलांना आयुष्यभरात असा एक मुद्दा सुचत नाही. बागपाड्यातल्या पोरांनी शिट्ट्या वाजवल्या. धर्मा तांडेल म्हणाले की त्यांचा माणूस त्यापूर्वी शंभरदा येऊन गेला असेल. पांडुरंगदादा म्हणाले, येऊन गेला असेल, राहिला नसेल. तेव्हा बंदरपाड्याच्या जानकीबाय, धर्माजींच्या आई, भिंतीला टेकून बोंबलाची डोकी खुडत होत्या, त्या म्हणाल्या, "अरे, साहेब येतोय तो धक्का द्यायला. तुमी त्याला वंशावळ कशाला देता?"

"बाय, ते वकिलांनी विचारलं," पांडुरंगदादा म्हणाले.

"वकिलांना उद्योग नाय," म्हातारी म्हणाली.

मी वकील नसल्याचे मी पुन्हा स्पष्ट केले. उद्योगाविषयीचा भाग मात्र मी अनुत्तरित ठेवला. तो परिच्छेद गाळावा, असेही मी सुचवून पाहिले. पण एकदा उपस्थित झालेला प्रश्न सोडून देणे कोणालाच मान्य होईना. बागपाडा पहिला असे लिहिल्याशिवाय बागपाडा सही करणार नव्हता, आणि तसे लिहिल्यास बंदरपाडा. विजय ओट्याच्या कडेला बसून हे ऐकत होता. तो उठला आणि सुमनला म्हणाला, "चल. उद्या बोईसरला खोली बघून येतो."

पांडुरंगदादांनी ते ऐकले. पण ते बसले नाहीत, आणि मागेही हटले नाहीत. मला त्यांचा राग आला. आणि त्यांच्या जागी मी असतो तर मीही हटलो नसतो, हे कळून तो आणखी वाढला.

जेवायला तांदळाची भाकरी आणि सुक्या करंदीची (बारीक कोळंबीची) चटणी होती. पांडुरंगदादांनी एक भाकरी अर्धी टाकली. विजयने ती उचलून खाल्ली.

*

सकाळी दोन्ही पाड्यांच्या प्रमुखांना मी बावीवर बोलावले. इंजिनिअर भरतीबरोबर येणार होते. वेळ फारसा नव्हता. प्रमुखांबरोबर उरलेले बेटही आले. माझ्या मनात आदल्या दिवशीच्या दोन विधानांची सांगड बसली होती, आणि तीस वर्षे इतरांच्या उलटतपासण्या लिहून घेतल्यावर स्वतः एक घेण्याची संधी मी सोडणार नव्हतो.

"धर्माजी, बेटावर पहिले कोण आले?"

"आमी."

"उत्तम. पांडुरंगदादा?"

"आमी."

"छान. आता मला सांगा, ही बाव का उपसली गेली नाही?"

दोघांनीही पाण्यात पाहिले.

"पहिले घमेले पहिल्याने काढायचे, असा रिवाज आहे. अर्जात तुम्ही दोघेही पहिले, आणि बावीवर दोघेही पाहुणे? मानाला मालक आणि कामाला उतारू? एक भूमिका घेऊन लाभ घ्यायचा आणि तिचा बोजा आला की ती सोडायची, हे कोणत्याही न्यायालयात चालत नाही. तेव्हा जो अर्जात पहिला, तो आत्ता बावीत. बोला."

मग धर्मा तांडेल घसा खाकरून म्हणाले, "तसं बघितलं तर पांडुरंगाचा मुद्दा बरोबर हाय. नाखवा शेवटीच उतरतो."

"नाय नाय," पांडुरंगदादा घाईने म्हणाले, "होडी तुमची. आणणारा आधी. काल मी जरा जास्तच बोललो."

"रोपं तुमची होती."

"रोपं काय, कोणीपण लावतं."

म्हणजे काल रात्री दोन पहिले होते, आणि आता एकही नव्हता. अर्ज पुन्हा तेथेच. खाडीत पाणी चढत होते; विजय निघण्यासाठी शर्टाची बटणे लावत होता; सुमन करंजाखाली कळशी धरून उभी होती. मला संताप आवरेना. माझी पत्रे वाचणाऱ्यांना तो परिचित आहे. प्रत्यक्षात तो किंचित मोठ्या आवाजात असतो.

"कोणीच पहिले नाही? ठीक आहे," मी म्हणालो. "मग लिहा, पहिला मी आलो. या बेटावर सर्वांत आधी मी आलो, तुम्ही सगळे माझ्यामागून आलात. झाले समाधान?"

सगळे माझ्या तोंडाकडे न पाहता थोडे खाली पाहत होते. मीही पाहिले. माझा उजवा हात त्या बसक्या दगडावर होता.

"काका," सुमन हलक्या आवाजात म्हणाली, "मी सांगितलं होतं."

"ही रागाच्या भरात केलेली..." मी सुरुवात केली.

"बोललात ना?" जानकीबाय म्हणाल्या.

"बोललो."

"हात होता ना?"

"होता."

"विचारलंय तेवढंच बोला," पांडुरंगदादा अतिशय गंभीरपणे म्हणाले, आणि त्यांच्या मागे कोणीतरी पदरात हसले.

मी विचार केला. रिवाज प्राचीन होता, अविच्छिन्न होता, उभय पक्षांना मान्य होता. त्याला आव्हान देण्यास मला कोणताही आधार सापडेना. मी चष्मा सुमनच्या स्वाधीन केला, धोतराचा कासोटा मारला आणि धर्मा तांडेलांनी धरलेल्या दोरावरून, पायरीच्या दगडांना चाचपत, करंजबेटाच्या गोड्या बावीत उतरलो. पाणी कमरेला लागले. गाळ पायांना लोण्यासारखा लागत होता आणि वासाला मुळीच तसा नव्हता. मी पहिले घमेले भरले. ते वर ओढले गेले, आणि वरून एक आवाज आला तो मी विसरणार नाही: लोकांनी ओरडा केला नव्हता, सगळ्यांनी एकाच वेळी सोडलेला निःश्वास होता तो.

मग दोन्ही पाडे उतरले. बावीत जागा होती त्यापेक्षा जास्त माणसे उतरली. विजय शर्टासकट आला. मला वर काढून दगडावर बसवण्यात आले व ताडगोळे सोलून देण्यात आले. यजमानाने पहिल्या घमेल्यानंतर केवळ बसायचे असते, हा रिवाजाचा उत्तरार्ध मला कोणी आधी सांगितला नव्हता.

"बाय," मी जानकीबायना विचारले, "बुरुजापाशी राहणारा तो म्हातारा कोणत्या पाड्याचा?"

"कुठल्याच नाय. जमीन मापायला आला होता. तुमच्यासारखाच, कागद घेऊन." त्यांनी आणखी एक ताडगोळा माझ्या हातात दिला. "असाच रागीट होता. रागानं बोलला, मंग राहिला."

*

या सगळ्यात इंजिनिअरांकडे कोणाचे लक्ष नव्हते. तरुण, सभ्य गृहस्थ. त्यांची होडी आली तेव्हा भरती उलटली होती, आणि धरून उतरवायला काठावर कोणी नव्हते. ते बावीपाशी पोहोचले तेव्हा गुडघ्यांपर्यंत चिखल होता आणि एकच बूट होता.

"इथे जबाबदार कोण आहे?" त्यांनी विचारले.

"ते," चारी बाजूंनी बोटे माझ्याकडे वळली. मी ओल्या धोतरात, कानात गाळ, हातात ताडगोळा अशा स्थितीत उठून नमस्कार केला व अर्ज सादर केला. दोन्ही पाड्यांच्या सह्या तोवर झाल्या होत्या. कागदावर बोटांचे राखाडी ठसे होते. दुसरा परिच्छेद मी दगडावर बसूनच पूर्ण केला होता. मी आयुष्यात असत्य लिहिलेले नाही, तेथेही लिहिले नाही: 'बेटावर प्रथम कोण आले याविषयी उभय पाड्यांत आता वाद उरलेला नाही. सदर मान त्यांनी एकमताने प्रस्तुत अर्जलेखकास दिला आहे.'

इंजिनिअरांनी ते वाचले, माझ्याकडे पाहिले, पुन्हा वाचले.

"आपण इथे केव्हापासून राहता?"

मी तोंड उघडण्यापूर्वीच जानकीबाय म्हणाल्या, "पोर्तुगीजांच्या आधीपासनं. जेवून जा, साहेब. जेवण यांच्याकडनं हाय."

तांदूळ पांडुरंगदादांचे होते आणि मासळी धर्माजींची, यजमान मी. इंजिनिअर जेवले. जेवताना ते अधूनमधून आपल्या एका बुटाकडे पाहत होते. अर्जाचा तिसरा परिच्छेद, म्हणजे चिखलाविषयीचा, त्यांनी वाचला की नाही मला ठाऊक नाही. त्यांच्या पायांनी तो वाचला होता. जाताना त्यांनी विजयला बोलावून ओहोटीला पाणी कोठवर जाते ते विचारले, आणि विजय त्यांना दाखवायला त्याच चिखलात पुन्हा उतरला. त्या दिवशी तो खोली बघायला गेला नाही.

*

संध्याकाळच्या भरतीला मी निघालो. सुमनने केळीच्या पानात बांधून चिकू दिले, आणि एका बाटलीत बावीचे पाणी. ते अजून गढूळच होते, पण तळाशी काय आहे ते अंधुक दिसू लागले होते. पांडुरंगदादा काठापर्यंत आले. "वैशाखात यावं लागेल," ते म्हणाले. "पयल्या घमेल्याला."

"दरवर्षी?"

"पयला म्हंजे पयलाच ना. पुढल्या वर्षी दुसरा कसा होईल?"

या वेळी माझे दोन्ही हात मोकळे होते व दात रिकामे होते. म्हणून मी पाहिले. पलीकडचा काठ जवळ आला तसे धर्मा तांडेल वल्हे ठेवून उठले आणि पाण्यात उतरले. पाणी त्यांच्या गुडघ्यांच्या वर आले. पाय तळाच्या चिखलात रोवून, दोन्ही हातांनी होडी छातीशी धरून ते उभे राहिले. होडी हलायची थांबली.

"उतरा, वकील," ते म्हणाले. "हळू."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि कोरड्या वाळूवर पाय टाकला. ते अजून पाण्यातच होते.

मी तसाच उभा राहिलो. नाखवा शेवटी उतरतो हे खरे नव्हते. तो सर्वांत आधी उतरतो. पण जमिनीवर नव्हे, पाण्यात. आणि तेथे पाय रोवून उभा राहतो म्हणून दुसऱ्याचा पाय कोरड्या जमिनीवर पडतो. तेव्हा पहिले पाऊल कोणाचे, हे पाऊल म्हणजे काय यावर अवलंबून आहे. हा पुरावा इतकी वर्षे रोज, दर फेरीला, दोन्ही पाड्यांच्या डोळ्यांसमोर घडत होता, आणि रोजचा होता म्हणूनच देवळाच्या ओट्यावर तो कोणाला आठवला नाही. स्वतः धर्माजींनासुद्धा नाही.

"काय झालं?" त्यांनी पाण्यातून विचारले.

"काही नाही," मी म्हणालो. "चपला."

*

धक्का झाला. त्याला दोन पावसाळे लागले, आणि त्या दोन्हींत मी त्या खात्यास पत्रे लिहिली. त्यांतली काही माझ्याही मते लांब होती. विजयची सायकल आता धक्क्यावर उभी असते. पांडुरंगदादांची नात बावीच्या काठी खेळते, आणि तिचा हात दगडाकडे गेला की चार बायका एकदम धावतात. मी दर वैशाखात जातो. पहिले घमेले काढतो, मग बसतो. मला तेथे सगळे 'वकील' म्हणतात. निवृत्त शिरस्तेदार असल्याचे मी हल्ली वर्षातून एकदाच सांगतो.

मात्र धक्का झाल्यापासून धर्मा तांडेल पाण्यात उतरत नाहीत. दोर फेकतात, होडी लागते, उतारू पायऱ्यांवर उतरतात आणि ते सर्वांत शेवटी. म्हणजे पांडुरंगदादांचा मुद्दा आता दिवसाढवळ्या खरा ठरला आहे, आणि विरुद्ध पक्षाचा एकमेव पुरावा नष्ट झाला आहे, तोही मी लिहिलेल्या अर्जामुळे. असे असूनही याविषयी मी कोणालाही पत्र लिहिलेले नाही. बावीचे पाणी स्वच्छ आहे. आता त्यात नाणे दिसते.

वाचकांपैकी कोणी करंजबेटास गेलेच, तर त्यांनी हा मजकूर तेथे वाचून दाखवू नये. पिवळा दगड अजून तसाच आहे, त्यावर विश्वास ठेवू नये. आणि बावीपाशी बोलताना हात खिशात ठेवावेत.